हाकेआधीची ओ

१

दुपारचे दोन वाजले की रुद्राणी झोपायची, आणि रुद्राणी झोपली की शिवरंजनी पुन्हा माणसात यायची. हे वाक्य तिनं एकदा नवऱ्याला, शिवकांतला, बोलून दाखवलं आणि लगेच जीभ चावली. दहा महिन्यांच्या लेकराच्या आईनं असं बोलावं का? पण खरं ते खरं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या त्या दोन खोल्यांत दोन ते साडेतीन, एवढा दीड तासच काय तो तिचा होता. शिवकांत ड्यूटीवर, सासूबाई आतल्या खोलीत मोबाइलवर प्रवचन लावून आडव्या, पाळण्याची दोरी हाताशी, आणि समोर टीव्ही. भावानं, पंकजनं, पुण्याला नोकरी लागल्यावर आपला जुना गेमिंगचा कन्सोल तिला देऊन टाकला होता. हेडफोन ती एकाच कानाला लावायची, उजव्या. डावा कान पाळण्याचा.

उजव्या कानात अपेक्षा असायची. परभणीला कॉलेजात असताना दोघी चार वर्षं एका खोलीवर राहिल्या होत्या. आता अपेक्षा वालूरला, सातवा महिना लागलेला, माडीवरच्या खोलीत दिवसभर एकटी. नवरा भागवत बियाण्याच्या दुकानात, सासू सगुणाबाई खाली. अपेक्षाला हेडफोनचं ओझं सहन व्हायचं नाही, म्हणून ती टीव्हीचा आवाज मोठा करून बसायची. तिच्या खोलीतला पंखा दर फेऱ्याला एकदा टिक् वाजायचा. ते टिक् टिक् शिवरंजनीला इतकं पाठ झालं होतं की पूर्णेत लाइट गेली तरी कानात तो पंखा फिरत राहायचा.

खेळ दोघींचा एकच. दोन गिर्यारोहक, दोघांच्या कमरेला मिळून एक दोरी, खाली दरी, आणि पार करायचे बारा पूल. एकीनं उडी मारायची आणि दुसरीनं त्याच क्षणी दोरी ताणून धरायची. क्षण चुकला की उडी मारणारी खाली. आणि क्षण नेमानं चुकायचा.

“रंजे, धर! धर की!”

“धरली ना! केव्हाच धरली!”

“कुठं धरली? माझ्या टीव्हीवर तर तू दगडासारखी उभी राह्यलीस. मेले मी. आज नऊदा मारलंस मला.”

“मी न्हाई, लॅगनं मारलं.”

“हा लॅग कोण गं तुझा? दीर का?”

सातवा पूल त्यांना तीन आठवडे ओलांडता आला नव्हता.

२

“ताई, आधी लॅग म्हणजे काय ते समजून घे,” पंकज फोनवर म्हणाला. त्याला समजावून सांगायला फार आवडायचं. “तू हाक मारतीस, पलीकडून ओ येते. हाक आणि ओ यांच्यामधला वेळ म्हणजे पिंग. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसतो बघ. किती हाय?”

“दोनशे चाळीस.”

“अरे देवा. बैलगाडीनं खेळायलीस का?”

मग शिवरंजनीनं घर उपसायला काढलं. वायफायचा डबा ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यामागं दडवलेला होता, कारण सासूबाईंना त्याचे लुकलुकणारे दिवे बघवायचे नाहीत. तो तिनं काढून खिडकीत ठेवला. तिचा स्वतःचा मोबाइल रोज बरोबर दोन वाजता रुद्राणीचे शेकडो फोटो वर चढवत बसायचा. पाळण्यात रुद्राणी, तोंडाला वरण लागलेली रुद्राणी, परत पाळण्यात रुद्राणी. ते बंद केलं. टीव्हीत ‘गेम मोड’ नावाचं एक बटण होतं, ते चार वर्षं कुणी दाबलंच नव्हतं. ते दाबलं. शेवटी वायफायचा नाद सोडून डब्यापासून कन्सोलपर्यंत सरळ वायर टाकली. दाराच्या चौकटीवरून, वर खिळे मारून, रुद्राणीच्या हाताला लागणार नाही अशी. खिळे मारताना तिला स्वतःचं कौतुक वाटलं. आपण काही अगदीच बेफिकीर आई नाही.

आकडा नव्वदवर आला आणि तिथंच अडून बसला.

“आता उरलेला लॅग तुझ्या मैत्रिणीकडचा,” पंकज म्हणाला.

वालूरचं घर काळ्या दगडाचं, भिंती दोन-दोन हात रुंद. डबा खाली बैठकीत, कन्सोल वर माडीवर.

“हे म्हणले, मिस्त्री बोलावून भिंतीला भोक पाडू,” अपेक्षा म्हणाली. “आठ दिवसांत.”

“आठ दिवस? अगं तोवर जिन्यावरून टाक ना वायर. कडेकडेनं. टेपनं चिकटव.”

“सासूबाई बेजार करतील मला.”

“सांग त्यान्ला, डॉक्टरला व्हिडिओवर दाखवायचंय.”

अपेक्षा खूप हसली. संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. अकरा पायऱ्यांचा दगडी जिना, आणि त्याच्या कडेनं वर चढत गेलेली निळी वायर. मधल्या दोन पायऱ्यांवर टेप सुटून वायरीला थोडा फुगा आला होता. शिवरंजनीला तो दिसला. तिनं उत्तरादाखल अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी आकडा होता अठरा. अपेक्षाचा आवाज असा आला की जणू ती खांद्याला खांदा लावून बसली आहे. एका दुपारी त्यांनी तीन पूल ओलांडले.

३

आवाजाचा लॅग मोजायची युक्तीही पंकजनंच सांगितलेली. टाळी वाजवायची. ती पलीकडच्या टीव्हीतून वाजते, पलीकडच्या कंट्रोलरमधला माइक ती पुन्हा उचलतो आणि आपल्या कानात परत आणून सोडतो. जायला-यायला लागला तेवढा लॅग. आधी टाळी परत यायला पुरता एक सेकंद लागायचा. मग अर्धा. वायर टाकल्यावर टाळी आणि तिचा पडसाद जवळजवळ एकात एक मिसळून गेले.

त्या आठवड्यात एकदा, दहाव्या पुलावर, उजव्या कानात इंजिनाचा भोंगा वाजला. दूरचा, पंख्याच्या टिक् टिक् मधून गाळून आलेला. शिवरंजनीला गंमत वाटली. आपल्या खिडकीतला भोंगा वालूरला जाऊन आला.

मग खिडकीतून भोंगा वाजला.

तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. दोन गाड्या असतील. पूर्णा जंक्शन आहे, इथं भोंग्यांना काय तोटा? एक वालूरजवळचा, एक इथला. पण वालूरला रेल्वे नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बरं, सेलूकडून वाऱ्यावर आला असेल. रात्रभर जागणाऱ्या बाईला काहीही ऐकू येतं, असं तिनंच मागं एका लेखात वाचलं होतं. त्यावर तिचा विश्वास बसला, कारण बसवायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम टाळीसाठी हात वर केले. तळवे अजून वीतभर लांब होते, आणि कानात टाळी वाजली. स्वच्छ. टाळीमागं तिचाच आवाज, दबका, “हाड! हाड!”

ती तशीच, हात हवेत धरून बसली.

“काय झालं गं?” अपेक्षा म्हणाली. “थांबलीस कामून?”

“तुला टाळी ऐकू आली?”

“न्हाई बा. कसली टाळी?”

शिवरंजनीनं हात खाली घेतले. ठरवलं, टाळी वाजवायचीच नाही. मग बघू काय होतंय. मिनिटभर गेलं असेल नसेल, स्वयंपाकघरात ताटली सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तो मांजर दुधाच्या पातेल्यावर चढलेलं. रुद्राणी उठू नये म्हणून हलकेच एक टाळी मारली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “हाड! हाड!”

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

कोपऱ्यातला आकडा शून्य होता.

“शून्य कधी येत नसतं ताई,” संध्याकाळी पंकज म्हणाला. “डिस्प्लेमधला घोळ असंल. पण खेळ नीट चाललाय ना? मग कशाला हात लावायलीस?”

तेही खरंच. खेळ इतका नीट कधी चालला नव्हता.

४

बुधवारी त्या अकराव्या पुलावर होत्या. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शिवरंजनीनं दोरी ताणून धरली होती आणि अपेक्षा तोंडानं “एक, दोन...” म्हणत होती. तेवढ्यात तिच्या आवाजाच्या मागं काहीतरी घसरलं.

मग स्टीलचा तांब्या दगडावर आपटला. ठण्. पुन्हा ठण्. दर पायरीला एकदा, सावकाश, आणि त्याच्याबरोबर काहीतरी जड, ज्याचा आवाज तांब्यासारखा होत नव्हता. मग खालून म्हातारीची हाक. “अपेऽ! अगं माय माझे, अपेऽ!”

“...तीन!” अपेक्षा म्हणाली, आणि तिनं उडी मारली.

“काय पडलं गं?” शिवरंजनी ओरडली. रुद्राणी पाळण्यात दचकली.

“पडले कुठं? पार झाले की! बघ तर!”

“तुझ्या घरात. जिन्यात. आत्ता.”

“कुठं काय? सासूबाई तर कीर्तनाला गेल्यात, मी एकटी हाय घरात. रंजे, झोप काढत जा जरा. खामखा भ्यायला लावतीस.” मग तिनं हसू आवरलं. “उद्या बारावा. उद्या संपवू. परवा आई न्यायला यायलीय मला, मग चार महिने काय खेळायला भेटत न्हाई. उद्या संपलाच पायजे.”

“हौ,” शिवरंजनी म्हणाली. “उद्या संपवू.”

५

गुरुवारी सकाळी दोरीवर दुपटी वाळत घालताना तिनं सगळा हिशोब जुळवून पाहिला. भोंगा आला काही सेकंद आधी. टाळी एक मिनिट आधी. दर वेळी अंतर वाढत होतं. मग तो तांब्या किती आधी?

हातातलं दुपटं तसंच राहिलं. तिनं फोन उचलला. अपेक्षाचा नंबर लागला नाही, कुणाशी तरी बोलत होती. दोन मिनिटांनी पुन्हा लावू असं तिनं ठरवलं, आणि त्या दोन मिनिटांत तिची शहाणी बुद्धी जागी झाली.

सांगायचं काय? की तू पडल्याचं मी ऐकलं, अजून पडली नाहीस तरी? सात महिन्यांच्या बाईला हे सांगायचं? तिनं धसका घेतला तर? पंकज हसेल. शिवकांत हसणार नाही, तो काळजीनं बघेल, ते जास्त वाईट. बरं, आवाजाचं काही न बोलता नुसतं म्हणता आलं असतं, “ती वायर काढ गं जिन्यावरची, भीती वाटते.” एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. पण वायर निघाली की आकडा पुन्हा शंभराच्या पलीकडं, आणि बारावा पूल शंभराच्या पलीकडं पार होत नसतो. आज शेवटचा दिवस. दीड तासाचा प्रश्न. खेळून झाल्या झाल्या सांगू. खेळताना तर ती खुर्चीतच बसलेली असते, जिन्यात कशाला जाईल?

हे तिनं सगळं नीट, मुद्देसूद स्वतःला पटवलं. पुढं कितीतरी दिवस तिला या गोष्टीचीच जास्त लाज वाटत राहिली. ती विसरली नव्हती. तिनं विचार केला होता.

दुपारी बारावा पूल अर्धा झाला. उलटी मोजणी चालू होती, चार मिनिटांत पलीकडं पोचायचं होतं.

“थांब एक मिनिट,” अपेक्षा म्हणाली. “तांब्या रिकामा झाला. पाणी घेऊन येते खालून. घसा कोरडा पडलाय बई.”

शिवरंजनीनं घड्याळाकडं पाहिलं. दोन अडतीस.

तिनं तोंड उघडलं. जे शब्द सकाळपासून तोंडात तयार होते ते तिथंच होते, जिभेवर, पूर्ण वाक्य. टीव्हीवरचे आकडे भराभर कमी होत होते.

“पटकन ये,” ती म्हणाली. “वेळ चाललाय.”

खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत गेली. पंखा टिक् टिक् करत राहिला. टीव्हीवर अपेक्षाचा गिर्यारोहक पुलाच्या मध्यावर उभा होता, कमरेची दोरी सैल, आणि वाट बघताना ती माणसं हलतात तसा किंचित हलत होता.

मग तांब्या. ठण्. पुढचा ठण् कधी येणार ते तिला माहीत होतं, त्याच्या पुढचाही. काल ऐकलेलं कडवं आज कुणीतरी पुन्हा म्हणत होतं आणि ती मनात त्याच्या आधी म्हणत होती.

“अपेऽ! अगं माय माझे, अपेऽ!”

ती टीव्हीसमोर उभी राहिली आणि ओरडली, “काकू! वायर! काकू, भागवतरावांना बोलवा!” पण तिचा आवाज माडीवरच्या टीव्हीतून त्या रिकाम्या खोलीत घुमत असणार. तिच्या कानात त्याचा पडसाददेखील परत आला नाही.

६

तिला आधी सेलूला नेलं, तिथून परभणीला. अपेक्षा वाचली. एवढं वाक्य सगळे बोलायचे, आणि पुढचं वाक्य कुणी बोलायचं नाही.

शिवरंजनी सासूबाईंबरोबर भेटायला गेली. रुद्राणीला शेजारी पंचफुला मावशींकडं ठेवून गेली. कडेवर लेकरू घेऊन त्या खोलीत शिरणं तिच्यानं झालं नसतं. अपेक्षा भिंतीकडं तोंड करून पडली होती. सासूबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला, “शिव शिव” म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन तिच्या आईजवळ बसल्या.

“तुझा काही दोष न्हाई रंजे,” अपेक्षा भिंतीला म्हणाली. “वायर मीच टाकली. टेप निघाला होता, ते मला दिसत होतं.”

“मलापण दिसत होतं.” एवढं तरी शिवरंजनी बोलली.

“फोटोत?”

“हौ. फोटोत.”

अपेक्षानं हात मागं केला. शिवरंजनीनं तो धरला. सांगायची वेळ होती तर ती हीच होती. पण हात इतका हलका होता, इतका विश्वासानं दिलेला, की तिनं तो नुसता धरून ठेवला.

७

महिना झाला तरी कन्सोलवर तिनं घातलेलं फडकं तसंच होतं. एका दुपारी रुद्राणी झोपल्यावर तिनं ते काढलं. खेळायला नव्हे. अपेक्षाच्या नावापुढचा ठिपका करडा, म्हणजे ती ऑनलाइन नसल्याचा, झालेला बघायचा होता, बस. ती अजून माहेरी, पाथरीला होती. माडी बंद, वायर भागवतनं त्याच दिवशी ओढून फेकून दिलेली.

ठिपका करडाच होता. हेडफोन कानाला लावला तेव्हा आत पंखा फिरत होता. टिक्. टिक्.

शिवरंजनी हलली नाही.

“रंजे,” अपेक्षाचा आवाज आला. शांत, थोडा बसलेला. “एक विचारू? रोज डोक्यात येतं. आदल्या दिवशी तू ओरडलीस, काय पडलं म्हणून. जिन्यात, म्हणलीस. तुला कसं माहीत?”

पंख्याचे तीन फेरे झाले. मग त्या खोलीतल्या टीव्हीतून शिवरंजनीचा स्वतःचा आवाज परत आला.

“मी? मी कधी विचारलं?”

आणि शेवटी एक छोटंसं हसू. पाहुण्यांसमोर हसतात तसलं.

तिनं वायर उपटली. खिळ्यांसकट, दाराच्या चौकटीवरचा रंग निघेपर्यंत. पण ऐकलं ते ऐकलं. आणि हळूहळू तिला वाटायला लागलं की या वेळी तरी ही मेहेरबानीच आहे. आधी कळलंय. तांब्याच्या वेळी बोललो नाही, आता बोलू. खोटं आपण बोलणार आहोत हे माहीत असलेल्या माणसाला खरं बोलायला काय अवघड?

तिनं सराव केला. दोरीवरच्या कपड्यांना सांगून बघितलं, रुद्राणीला न्हाऊ घालताना सांगितलं. “अपे, मी ऐकलं होतं. तुला सांगणार होते. खेळ संपल्यावर सांगू म्हणलं.” रुद्राणी पाण्यावर हात आपटून हसायची. वाक्य रोज थोडं सोपं होत गेलं. शेवटी शेवटी तर डोळ्यांत पाणी न येता म्हणता यायला लागलं.

सतराव्या दिवशी अपेक्षाचा निरोप आला. ‘वालूरला आले. घर खायला उठायलंय. दोनला येतीस का? खेळू न्हाई, नुसतं बोलू. यांनी भिंतीतून वायर घेतली.’

शिवरंजनीनं खिळे पुन्हा मारले. पाळण्याला झोका दिला. पावणेतीनपर्यंत त्या रुद्राणीला आलेल्या दातांबद्दल बोलल्या. अपेक्षानंच विचारलं होतं. टीव्हीवर दोघींचे गिर्यारोहक पहिल्या पुलाच्या अलीकडं, दोरी सैल सोडून, शेजारी शेजारी उभे होते.

मग अपेक्षानं दातांचं बोलणं मधेच सोडलं.

“रंजे,” अपेक्षा म्हणाली. “एक विचारू? रोज डोक्यात येतं. आदल्या दिवशी तू ओरडलीस, काय पडलं म्हणून. जिन्यात, म्हणलीस. तुला कसं माहीत?”

वाक्य तयार होतं. शिवरंजनीनं श्वास घेतला. पंख्याचा एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला.

“मी?” ती म्हणाली. “मी कधी विचारलं?”

आणि ती हसली.

मग अपेक्षा म्हणाली, “आवाज लय साफ यायलाय तुझा आता. अजिबात लॅग न्हाई.”